कपाळावरचे तेल आणि खोलीतला ओझोन

तुमच्यापैकी जे चष्मा वापरतात त्यांना एक गोष्ट रोजच्या अनुभवाने ठाऊक आहे. सकाळी घरातून निघताना काचा कितीही लख्ख पुसल्या, तरी दुपारच्या सुट्टीपर्यंत त्या पुन्हा धुरकट होतात. धूळ हे त्याचे एक कारण आहेच. पण फुंकर मारून धूळ उडवली तरी धुरकटपणा जात नाही. बोटाने पुसायला जावे तर तो फक्त इकडचा तिकडे सरकतो. हा धुरकटपणा तेलाचा आहे. हे तेल स्वयंपाकघरातले नव्हे आणि डोक्याला चोपडलेलेही नव्हे. ते तुमच्या स्वतःच्या कातडीने तयार केलेले आहे.

असे तेल केवळ चष्म्यावरच असते असे नाही. बाकाची कड, दाराची कडी, वहीचे कोपरे, उशीचा अभ्रा, सदऱ्याची कॉलर, जेथे जेथे माणसाचा स्पर्श होतो तेथे तेथे त्याचा अगदी पातळ थर बसतो. आणि तेथे ते स्वस्थ पडून राहत नाही. खोलीतल्या हवेत अत्यल्प प्रमाणात ओझोन नावाचा वायू असतो. त्याची आणि या तेलाची गाठ पडली की तेलाचे रेणू तुटतात आणि त्यांपासून नवे पदार्थ तयार होतात. म्हणजे तुम्ही वर्गात बसून रसायनशास्त्राचा पाठ ऐकत असता, तेव्हा तुमच्या कपाळावरही रसायनशास्त्राचा एक प्रयोग चालू असतो! तो कसा चालतो आणि त्याचा आपल्या श्वासाशी काय संबंध आहे, ते आज पाहू या.

तेल येते कोठून?

आपल्या त्वचेत, बहुधा केसांच्या मुळांशी, तेल तयार करणाऱ्या सूक्ष्म ग्रंथी असतात. त्यांना तैलग्रंथी म्हणतात आणि त्यांतून पाझरणाऱ्या तेलाला 'सीबम' असे नाव आहे. चेहरा आणि डोक्याची कातडी येथे या ग्रंथींची दाटी असते. छाती आणि पाठ यांच्या वरच्या भागातही त्या पुष्कळ असतात. वयात येताना शरीरातील संप्रेरकांमुळे या ग्रंथींचे काम एकदम वाढते. तुमच्या वयात चेहरा तेलकट होतो आणि मुरुमे येतात, त्याचे हे एक कारण.

आता एक गंमत पाहा. तळहात आणि तळपाय यांच्या कातडीत तैलग्रंथी मुळीच नसतात. मग काचेच्या पेल्यावर बोटांचे तेलकट ठसे कसे उमटतात? उत्तर सोपे आहे. दिवसभर नकळत आपला हात कपाळाकडे, नाकाकडे, केसांकडे जात असतो. तेथले तेल बोटांना लागते आणि बोटांवरून ते जगभर पसरते. पोलीस ज्या ठशांवरून गुन्हेगार शोधतात, त्या ठशांत बोटाचा घाम आणि चेहऱ्याचे तेल असे दोन्ही असते.

सीबम हा एकच पदार्थ नव्हे, ते मिश्रण आहे. त्याचा निम्म्याहून थोडा अधिक भाग स्निग्ध पदार्थ आणि त्यांपासून सुटलेली वसाम्ले यांचा असतो. सुमारे चतुर्थांश भाग मेणासारख्या पदार्थांचा असतो. उरलेल्यात सर्वांत लक्षात ठेवण्याजोगा पदार्थ म्हणजे 'स्क्वालीन'. सीबमच्या १०० भागांत तो सुमारे १२ भाग असतो. आजच्या गोष्टीचा नायक हाच.

शार्कच्या यकृतातील नायक

स्क्वालीनचा शोध माणसाच्या कातडीत लागला नाही. १९०६ मध्ये मित्सुमारू त्सुजिमोतो या जपानी रसायनशास्त्रज्ञाला तो शार्क माशाच्या यकृताच्या तेलात सापडला. 'स्क्वालस' हे शार्कच्या एका प्रजातीचे शास्त्रीय नाव. त्यावरून स्क्वालीन हे नाव आले. पुढे कळले की हा पदार्थ आपल्या शरीरातही तयार होतो. कोलेस्टेरॉल तयार करण्याच्या वाटेवरचा तो एक मुक्काम आहे. इतर पेशी या मुक्कामावर थांबत नाहीत, लगेच पुढे जातात. तैलग्रंथींच्या पेशींत मात्र पुष्कळसे स्क्वालीन तसेच राहते आणि तेलाबरोबर त्वचेवर येते.

स्क्वालीनच्या रेणूत कार्बनचे ३० आणि हायड्रोजनचे ५० अणू असतात. कार्बनच्या अणूंची एक लांब साखळी आणि तिला अधूनमधून फुटलेल्या छोट्या फांद्या, असे त्याचे रूप डोळ्यांपुढे आणा. या साखळीत ६ ठिकाणी शेजारच्या दोन कार्बन अणूंमध्ये दुहेरी बंध असतात. नाव 'दुहेरी' असले तरी तो काही दुप्पट मजबूत बंध नव्हे. उलट, दुसऱ्या बंधातील इलेक्ट्रॉन सैलसर असतात आणि बाहेरून येणाऱ्या काही रेणूंना ते चटकन सापडतात. आपल्या नायकाच्या चिलखताला अशा ६ फटी आहेत म्हणा ना!

जवळजवळ अशाच रचनेचा, पण फार लांबलचक साखळीचा आणखी एक पदार्थ तुमच्या रोजच्या वापरात आहे. तो म्हणजे नैसर्गिक रबर. ताणून ठेवलेल्या जुन्या रबरी नळीला किंवा सायकलच्या टायरच्या कडेला बारीक आडव्या भेगा पडलेल्या तुम्ही पाहिल्या असतील. त्या भेगांना हवेतला ओझोन हे एक मोठे कारण आहे. टायर तयार करताना ओझोनला तोंड देणारी रसायने त्यात मुद्दाम मिसळावी लागतात. जे रबराचे होते, तेच स्क्वालीनचे होते.

पापुद्र्याचे सामर्थ्य

येथे एक शंका येईल. त्वचेवर आणि वस्तूंवर असे तेल असून असून असणार किती? इतक्याशा तेलाने काय होणार?

या शंकेचे उत्तर तेलाच्या पसरण्याच्या स्वभावात आहे. बेंजामिन फ्रँकलिन यांनी लंडनजवळच्या क्लॅपम येथील तळ्यावर चमचाभर तेल ओतून पाहिले होते. १७७४ मध्ये त्यांनी त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. तेल झपाट्याने पसरले आणि सुमारे अर्धा एकर पाणी आरशासारखे नितळ झाले. आता हिशेब तुम्हीच करा. चमच्यात ५ घन सेंटिमीटर तेल धरा. अर्धा एकर म्हणजे सुमारे २००० चौरस मीटर. भागाकार केलात तर थराची जाडी सुमारे अडीच नॅनोमीटर येते. एका मिलिमीटरचे १० लाख भाग केले की त्यांतला एक भाग म्हणजे एक नॅनोमीटर. म्हणजेच हा थर जवळजवळ एकेका रेणूच्या जाडीचा झाला होता!

तेलाचा थर पाण्यावर इतका पातळ का होतो? वसाम्लाच्या रेणूचे एक टोक पाण्याला धरून राहणारे असते आणि बाकीची शेपटी पाण्यापासून दूर राहू पाहते. त्यामुळे रेणू पाण्यावर एकाला एक लागून, रांगेत उभ्या असलेल्या मुलांसारखे मांडले जातात. स्क्वालीनला मात्र असे पाण्याला धरणारे टोक नाही. तो कार्बन आणि हायड्रोजन यांचाच बनलेला आहे. पाण्याशी त्याचे सख्य नाही; पण काच, धातू, कापूस, केस यांच्यावर तो इतर तेलांबरोबर सहज पसरतो.

या पसरण्याचा परिणाम मोठा आहे. तेलाच्या थेंबात जे रेणू आत दडलेले असतात, त्यांची हवेशी भेट होत नाही. तेच तेल पापुद्र्यासारखे पसरले की त्यातला जवळजवळ प्रत्येक रेणू हवेला उघडा पडतो. वायू आणि द्रव यांच्यातील विक्रियेत 'माल किती' याइतकेच 'उघडा किती' यालाही महत्त्व असते. ओल्या कपड्याचा बोळा वाळत नाही, पण तोच दोरीवर पसरला की वाळतो, तसेच हे आहे.

आणखी एक गोष्ट. स्क्वालीनचा रेणू जड आहे. त्याचा रेणुभार सुमारे ४१० आहे. नेहमीच्या तापमानाला तो हवेत उडून जात नाही. जेथे बसला तेथेच तो राहतो, आणि ओझोन त्याला तेथे येऊन गाठतो.

ओझोनची ओळख

ओझोन म्हणजे ऑक्सिजनचाच भाऊ. नेहमीच्या ऑक्सिजनच्या रेणूत २ अणू असतात, ओझोनच्या रेणूत ३. स्वित्झर्लंडमधील बाझेल येथे प्राध्यापक असलेल्या क्रिस्टियान शेनबाइन यांना १८३९ मध्ये पाण्याचे विद्युत् विच्छेदन करताना एक उग्र वास आला. विजेच्या यंत्रांजवळ ठिणग्या उडाल्या की येतो तसाच तो वास होता. हा नवा पदार्थ आहे हे त्यांनी ओळखले आणि 'वास येणे' या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्याला ओझोन हे नाव दिले.

जमिनीपासून फार उंचावर असलेला ओझोनचा थर सूर्याचे घातक अतिनील किरण अडवतो, हे तुम्ही पुस्तकात वाचले आहे. पण तोच ओझोन जमिनीलगत नकोसा असतो, कारण तो घशाला आणि फुप्फुसांना त्रास देतो. दम्याच्या रोग्यांना तो अधिकच बाधतो. भारतात २००९ पासून लागू असलेल्या मानकानुसार बाहेरच्या हवेत ८ तासांची सरासरी दर घनमीटरला १०० मायक्रोग्रॅमहून अधिक असू नये. जमिनीलगतचा ओझोन थेट कोणत्याही धुराड्यातून बाहेर पडत नाही. वाहने आणि कारखाने यांच्या धुरातील नायट्रोजनची ऑक्साइडे आणि इतर वायू यांच्यावर कडक ऊन पडले की तो तयार होतो. म्हणून दुपारी तो वाढतो.

हा बाहेरचा ओझोन दारे, खिडक्या आणि फटी यांतून घरात येतो. शिवाय झेरॉक्सची यंत्रे, काही जुने लेझर प्रिंटर आणि विजेच्या दाबाने हवा शुद्ध करणारी काही उपकरणे घरातच थोडा ओझोन तयार करतात. खिडक्या बंद असलेल्या खोलीत ओझोन बाहेरपेक्षा पुष्कळ कमी आढळतो. मग आत आलेला बाकीचा ओझोन जातो कोठे? भिंती, पडदे, लाकूड, गालिचे यांच्यावर आपटून तो नाहीसा होतो. आणि खोलीत माणसे असली, तर माणसांवर!

रेणूंची कातर

ओझोनचा रेणू स्क्वालीनच्या दुहेरी बंधाशी आला की त्याचे तीन ऑक्सिजन अणू आणि बंधातले दोन कार्बन अणू मिळून क्षणभर पाच अणूंचे एक कडे तयार होते. हे कडे टिकत नाही. ते फुटते आणि त्याबरोबर कार्बनची साखळीही नेमकी त्याच जागी तुटते. एका तुकड्याच्या टोकाला ऑक्सिजन बसतो आणि तो स्थिर होतो. दुसरा तुकडा ऊर्जेने भरलेला आणि अस्थिर असतो; तो थोड्याच वेळात आम्लात किंवा दुसऱ्या एखाद्या संयुगात बदलतो. ही यंत्रणा जर्मन रसायनशास्त्रज्ञ रुडॉल्फ क्रीगे यांनी विसाव्या शतकाच्या मध्यास उलगडली.

स्क्वालीनची साखळी दोन्ही बाजूंनी सारखी असल्यामुळे तुटण्याच्या वेगवेगळ्या जागा तीनच ठरतात. टोकाचा बंध तुटला तर ३ आणि २७ कार्बनांचे तुकडे होतात. त्यापुढचा तुटला तर ८ आणि २२, आणि मधला तुटला तर १३ आणि १७. प्रत्येक वेळी बेरीज ३० येते की नाही, पाहा!

यांतला ३ कार्बनांचा तुकडा म्हणजे ॲसिटोन. नखांचा रंग पुसण्याच्या द्रवाला येतो तो वास याचाच. ८ कार्बनांचा तुकडा म्हणजे ६-मिथिल-५-हेप्टेन-२-ओन. नाव लांब आहे, म्हणून त्याला आपण त्याच्या दुसऱ्या नावाने, सल्कॅटोन म्हणू. १३ कार्बनांचा तुकडा म्हणजे जेरॅनिल ॲसिटोन. हे तिन्ही तुकडे हलके असल्याने त्वचेवरून हवेत जातात. २७, २२ आणि १७ कार्बनांचे जड तुकडे मात्र त्वचेवर, कपड्यावर किंवा काचेवरच राहतात. त्यांच्या टोकाला आता ऑक्सिजन असल्यामुळे पाण्याशी त्यांचे थोडे सख्य जुळते. म्हणजे पृष्ठभागावरचे तेल ओझोनला भेटल्यावर तेच राहत नाही, त्याचा स्वभाव बदलतो. या तुकड्यांत अजून दुहेरी बंध उरलेले असतात, म्हणून त्यांचेही पुढे आणखी तुकडे पडतात.

वसाम्लांचेही असेच होते. माणसाच्या सीबममध्ये सेपिएनिक आम्ल नावाचे १६ कार्बनांचे वसाम्ल असते. 'होमो सेपियन्स' या आपल्या शास्त्रीय नावावरूनच त्याला हे नाव मिळाले आहे. त्याचा एकमेव दुहेरी बंध सहाव्या कार्बनापाशी आहे. तो तुटला की १६ मधून ६ वजा जाऊन १० कार्बनांचा डेकॅनाल हा पदार्थ हवेत येतो. संत्र्याच्या सालीच्या तेलातही डेकॅनाल असतो. खोबरेल तेलातील बहुतेक वसाम्लांत मात्र दुहेरी बंध नसतात, त्यामुळे ओझोनच्या कातरीला तेथे फारसे काम मिळत नाही.

हे वास आपल्याला जाणवत नाहीत, पण डासाला जाणवतात. डेंग्यू पसरवणारा एडिस इजिप्ती हा डास माणसाला इतर प्राण्यांतून ओळखतो तो काही अंशी या वासांवरून. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात असे दिसले की माणसे पसंत करणाऱ्या एडिस डासांचा वासाचा एक ग्राहक सल्कॅटोनला चांगला प्रतिसाद देतो. २०२२ मधील संशोधनात डेकॅनाल आणि त्याच्यासारख्या पदार्थांचाही यात वाटा असल्याचे आढळले. आपल्या त्वचेच्या तेलाचे तुकडेच शत्रूला आपला पत्ता सांगतात!

विमानातला खोकला

या विषयाकडे शास्त्रज्ञांचे लक्ष वेधले जाण्यास विमानप्रवासाचाही हातभार लागला. १९७६-७७ च्या हिवाळ्यात फार उंचावरून लांब पल्ल्याच्या फेऱ्या करणाऱ्या विमानांतील प्रवासी आणि कर्मचारी खोकला, छातीत दुखणे, डोळे चुरचुरणे अशा तक्रारी करू लागले. इतक्या उंचीवर बाहेरच्या हवेतच ओझोन पुष्कळ असतो, आणि विमानात श्वासासाठी घेतली जाते ती हीच बाहेरची हवा. अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाने १९८० मध्ये विमानातील ओझोनवर मर्यादा घातली. पुढे अनेक विमानांत ओझोनचे ऑक्सिजनमध्ये रूपांतर करणारी उत्प्रेरक उपकरणे बसवली गेली.

नंतर डेन्मार्कमध्ये शास्त्रज्ञांनी विमानाच्या आतल्या भागासारखा एक कक्ष जमिनीवरच उभारला, त्यात स्वयंसेवक 'प्रवासी' बसवले आणि मोजून ओझोन सोडला. तेव्हा असे आढळले की नाहीशा झालेल्या ओझोनपैकी अर्ध्याहून अधिक ओझोन आसने आणि गालिचे यांनी नव्हे, तर माणसांनी, म्हणजे त्यांची त्वचा, केस आणि कपडे यांनी खाल्ला होता. २०१० मध्ये आर्मिन विस्थालर आणि चार्ल्स वेश्लर यांनी कचेरीसारख्या खोलीतील प्रयोगांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. माणसे आत असताना त्या खोलीत हवेच्या दर १०० कोटी रेणूंमागे ओझोनचे सुमारे १५ रेणू होते. एवढ्याशा ओझोननेही वर सांगितलेले सारे तुकडे हवेत दिसून आले, आणि त्वचेवर ओझोनला सर्वांत अधिक टिपणारा पदार्थ स्क्वालीनच आहे हे सिद्ध झाले.

आपण माणूस खोलीतून उठून गेला तरी हा व्यवहार संपत नाही. आपल्या त्वचेची वरची पापुद्री सतत झडत असते. दर तासाला सुमारे ३० ते ९० मिलिग्रॅम इतकी. घरातल्या धुळीत तिचा वाटा असतो, आणि तिच्याबरोबर आलेले स्क्वालीन धुळीतही ओझोनला गाठत राहते.

वर्गाचा हिशेब

आता तुमच्याच वर्गाचे गणित मांडू. ८ मीटर लांब, ६ मीटर रुंद आणि ३ मीटर उंच वर्गात १४४ घनमीटर हवा असते. दर घनमीटरला ४० मायक्रोग्रॅम ओझोन धरला तर वर्गात सगळा मिळून ६ मिलिग्रॅमहून थोडा कमीच ओझोन झाला. स्क्वालीनच्या एका रेणूत ६ दुहेरी बंध, म्हणून तो ओझोनचे ६ रेणू संपवू शकतो. ओझोनचा रेणुभार ४८, सहांचे २८८. म्हणजे ४१० मिलिग्रॅम स्क्वालीन २८८ मिलिग्रॅम ओझोन संपवते, अर्थात १ मिलिग्रॅम सुमारे ०.७ मिलिग्रॅम. वर्गातला सगळा ओझोन संपवायला ८-९ मिलिग्रॅम स्क्वालीन पुरे झाले. वर्गात ४० मुले असतील तर प्रत्येकाच्या वाट्याला आले सुमारे ०.२ मिलिग्रॅम!

कपाळाच्या १० चौरस सेंटिमीटर भागातून ३ तासांत साधारणपणे १ मिलिग्रॅम सीबम पाझरते. ३० चौरस सेंटिमीटर कपाळ धरले तर सीबम ३ मिलिग्रॅम आणि त्यात स्क्वालीन ०.३६ मिलिग्रॅम. म्हणजे एकट्या कपाळानेच आपला वाटा उचलून वर उरवले. अर्थात खऱ्या वर्गात बाहेरून ताजी हवा आणि तिच्याबरोबर नवा ओझोन सारखा येत असतो, म्हणून तो कधीच पूर्ण संपत नाही. पण एवढ्याशा तेलात किती बळ आहे, याचा अंदाज या गणितावरून येतो.

माणसाभोवतीचे अदृश्य वलय

२०२२ मध्ये या कथेला आणखी एक वळण मिळाले. जर्मनीतील माइन्झ येथील माक्स प्लांक रसायनशास्त्र संस्थेच्या शास्त्रज्ञांनी डेन्मार्कमधील सहकाऱ्यांबरोबर कोपनहेगनजवळच्या एका पोलादी कक्षात एका वेळी चार माणसे बसवली आणि हवेत ओझोन सोडला. तेव्हा माणसांभोवतीच्या हवेत हायड्रॉक्सिल मूलक तयार होत असल्याचे आढळले.

हायड्रॉक्सिल म्हणजे ऑक्सिजनचा एक आणि हायड्रोजनचा एक अणू मिळून झालेला अत्यंत क्रियाशील कण. तो जन्मतो आणि क्षणार्धात दुसऱ्या कशाशी तरी जोडला जातो. बाहेरच्या हवेत तो सूर्याच्या अतिनील किरणांमुळे तयार होतो आणि हवेतील अनेक प्रदूषकांचा फडशा पाडतो. खिडकीची काच हे किरण अडवते, म्हणून घरात तो फारसा नसावा असा समज होता. पण त्वचेवरून उडालेल्या सल्कॅटोनमध्ये अजून एक दुहेरी बंध शिल्लक असतो. तो हवेत ओझोनशी भिडला की हायड्रॉक्सिल बाहेर पडतो. त्याला सूर्य लागत नाही. शास्त्रज्ञांनी याला माणसाभोवतीचे 'ऑक्सिडीकरण क्षेत्र' म्हटले. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुढच्या संशोधनात असे दिसले की अंगाला लोशन किंवा अत्तर लावले तर हे क्षेत्र क्षीण होते.

मग हे चांगले की वाईट?

तुम्ही विचाराल, याचा आम्हाला फायदा की तोटा? शास्त्रात असे प्रश्न बहुधा एका शब्दात सुटत नाहीत. एका बाजूने पाहता त्वचेचे तेल आपली ढाल आहे. अंगाच्या उबेने तापलेली हवा आपल्या शरीरालगत सतत वर चढत असते. ही हवा त्वचेवरून आणि कपड्यांवरून वर येताना तिच्यातला काही ओझोन वाटेतच संपतो आणि नाकापाशी पोहोचणाऱ्या हवेत तो खोलीतल्या इतर हवेपेक्षा कमी असतो.

दुसऱ्या बाजूने पाहता ओझोन नाहीसा होतो म्हणजे त्याच्या जागी काही येतेच. दोन्ही टोकांना ऑक्सिजन असलेले काही लहान तुकडे श्वसनमार्गाला त्रास देत असावेत, असा शास्त्रज्ञांना संशय आहे. त्वचेवर राहिलेले जड तुकडे त्वचेला चुरचुर लावू शकतात. निसर्गात पदार्थ नाहीसा होत नाही, फक्त रूप बदलतो. हा नियम येथेही सुटत नाही.

यातून आपण घ्यायचे ते एवढेच. माणसांनी भरलेली खोली फार वेळ बंद ठेवू नये. सकाळी आणि संध्याकाळी, बाहेरचा ओझोन कमी असताना, खिडक्या सताड उघडाव्यात. झेरॉक्सचे यंत्र कोंदट खोलीत ठेवू नये. आणि 'हवा ताजी करणारे' म्हणून मुद्दाम ओझोन सोडणारे यंत्र माणसे असलेल्या खोलीत कधीही चालवू नये. त्या यंत्रानंतर येणारा 'स्वच्छ' वास स्वच्छतेचा नसून ओझोनचा असतो, आणि तो ज्यांच्याशी प्रथम भिडतो त्यांत तुमच्या त्वचेचे तेल आणि तुमची फुप्फुसे असतात.

करून पाहा

शेनबाइन यांनीच ओझोन ओळखण्याचा कागद तयार केला होता. तो शाळेच्या प्रयोगशाळेत, शिक्षकांच्या देखरेखीखाली तुम्हालाही करता येईल. १०० मिलिलिटर ऊर्ध्वपातित पाण्यात ५ ग्रॅम कॉर्नफ्लोअर कालवा आणि ढवळत ढवळत घट्टसर होईपर्यंत गरम करा. खाली उतरवून त्यात १ ग्रॅम पोटॅशियम आयोडाइड मिसळा. थंड झालेली खळ गाळणकागदाच्या दोन्ही बाजूंना ब्रशने लावा, कागद अंधारात वाळवा आणि पट्ट्या कापून झाकणाच्या बरणीत ठेवा. ओझोन आयोडाइडमधून आयोडीन मोकळे करतो आणि आयोडीन स्टार्चला निळा-जांभळा रंग देते.

तीन पट्ट्या ऊर्ध्वपातित पाण्यात भिजवून एक बाहेर सावलीत, एक बंद रिकाम्या खोलीत आणि एक मुलांनी भरलेल्या वर्गात टांगा. पट्टीवर ऊन पडू देऊ नका. शाळा सुटताना तिन्ही पट्ट्या पुन्हा भिजवून रंगांची तुलना करा. पावसाळ्यात हा प्रयोग करू नका, कारण दमट हवेत रंग अधिक गडद येतो. रहदारीच्या रस्त्यालगतही करू नका. वाहनांच्या धुरातला नायट्रोजन डायऑक्साइड पट्टीला तसाच रंगवतो.

समजा, भरलेल्या वर्गातली पट्टी सर्वांत फिकी निघाली. हा परिणाम मुलांचा की बंद खिडक्यांचा, हे कसे ठरवाल? एकाच वर्गात, खिडक्या सारख्याच ठेवून, सुट्टीच्या दिवशी आणि शाळेच्या दिवशी असा प्रयोग केला तर? शाळेच्या दिवशी दाराची उघडझाप होते, तिचे काय कराल? एकाच दिवसाचा निकाल पुरेल की आठवडाभर नोंदी ठेवाव्या लागतील? या प्रश्नांची उत्तरे वहीत आधी लिहा, वर्गात त्यांच्यावर वाद घाला, आणि मगच पट्ट्या टांगा.